सीमाभागातील मतदान (बेळगाव)

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी टापू मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला; जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. तेव्हापासून येथील मतपेटीवर दोन कामे पडली : आमदार-खासदार निवडणे आणि आपण कुठल्या राज्यात राहू इच्छितो ते सांगणे. दुसरे काम तिचे नव्हेच. घटनेत सार्वमताची तरतूद नाही, आणि अनुच्छेद ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. समितीचे, म्हणजे हा टापू महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे, कितीही आमदार निवडून आले तरी सीमा जागची हलत नाही. तरीही सीमावासीयांनी मतालाच साक्षीला उभे केले, कारण दाद मागायला दुसरी जागा फारशी नव्हती. महाराष्ट्राचा सीमेबाबतचा सर्वोच्च न्यायालयातला दावाही २००४चा.

या वापराचे टोक १९९६च्या लोकसभा निवडणुकीत दिसले. देशाचे लक्ष वेधण्यासाठी समितीने अर्जांचा पाऊस पाडला आणि बेळगावच्या रिंगणात ४५६ उमेदवार राहिले. अनामत तेव्हा अवघी ५०० रुपये होती. त्याच वेळी तेव्हाच्या आंध्रातील नलगोंडात ४८० उमेदवार होते. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत १०,००० रुपये झाली आणि अपक्षाला दहा सूचक (नाव सुचवणारे मतदार) लागू लागले. गाऱ्हाणे होते तिथेच राहिले, अर्ज भरणे मात्र महागले. तरी २०१९ मध्ये ५७ उमेदवार होतेच; एका मतदान यंत्रावर सोळा बटणे, म्हणजे प्रत्येक केंद्रात चार यंत्रे मांडणे आले.

भाषेच्या नावाने मत मागता येते का, हा येथला नाजूक प्रश्न. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२३(३) नुसार उमेदवाराच्या भाषेवरून मत मागणे भ्रष्ट आचरण ठरते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ते मतदाराच्या भाषेलाही लागू केले. मात्र भाषेच्या जतनासाठी झटण्याचे आश्वासन देणे भ्रष्ट आचरण नाही, हे जगदेवसिंग सिद्धांती खटल्यात न्यायालयाने आधीच सांगितले होते. ‘मी मराठी, मला मत द्या’ आणि ‘मराठी शाळा टिकवीन’ यांतली रेघ प्रचारसभेच्या भरात कितपत पाळली जाते, हा वेगळा विषय.

मतदार यादी व मतपत्रिका कोणत्या भाषेत छापायची, हे निवडणूक आयोग ठरवतो. यादी एकच असते, आणि धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणाला वगळता येत नाही (अनुच्छेद ३२५). भाषेचा उल्लेख त्यात नाही. नाव एकाच मतदारसंघात ठेवता येते. कोल्हापूर-पुण्याकडे कामाला गेलेल्यांनी तिकडे नोंद केली, तर गावचे नाव कमी करून घ्यावे लागते. खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

२०१३ मध्ये समितीचे दोन आमदार विधानसभेत गेले, बेळगाव दक्षिण व खानापूरचे. २०१८ मध्ये गटबाजीने मते फुटली आणि एकही जागा आली नाही. २०२३ मध्येही तेच झाले. २०२१च्या लोकसभा पोटनिवडणुकीत मात्र समितीच्या उमेदवाराने लाखावर मते घेतली.