सजगता आणि नेतृत्वातील सर्जनशीलता

सजगता किंवा माइंडफुलनेस : या क्षणी मनात, शरीरात आणि भोवताली जे चालले आहे त्याकडे, लगेच बरे-वाईट न ठरवता, लक्ष देण्याचा सराव. नेतृत्वात तिचा खरा उपयोग कल्पना ऐकणे आणि तिच्यावर शेरा मारणे यांत थोडा अवधी निर्माण करण्यापुरता आहे. ‘हे आपल्याकडे चालणार नाही’ असे साहेब पहिल्याच मिनिटाला बोलले, की बैठकीत दुसरी कल्पना सहसा येत नाही.

या सरावाचे मूळ बौद्ध सतिपट्ठान, म्हणजे सजगता साधण्याच्या ध्यानाच्या, परंपरेत आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यावर आधारित कार्यक्रम सुरू केला, तोही तणाव व जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी. कंपन्यांच्या प्रशिक्षणात ही गोष्ट सोयीस्कररीत्या विसरली जाते. हार्वर्डच्या एलेन लँगर यांची मांडणी ध्यानाशिवायची आहे : परिचित गोष्टीत मुद्दाम नवे फरक शोधत राहणे.

सर्व प्रकारच्या ध्यानाने कल्पकता सारखीच वाढते, हा समज चुकीचा आहे. लायडन विद्यापीठातील कोल्झाटो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ध्यानाचा सराव असलेल्या मोजक्या लोकांची चाचणी घेतली. मनात येईल ते येऊ देत नुसते पाहण्याच्या खुल्या ध्यानानंतर रोजच्या वस्तूंचे अनेक उपयोग सुचवण्याची क्षमता वाढली. एकाच गोष्टीवर चित्त खिळवण्याच्या ध्यानाने तसा लाभ दिसला नाही. प्रयोग लहान होता, पण दिशा उपयोगी आहे.

पुण्यात अनेकांना ध्यान ठाऊक असते ते स्वारगेट किंवा आळंदीजवळच्या मरकळ येथील विपश्यना केंद्रामुळे. १० दिवसांच्या शिबिरात पहिले ३ दिवस आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष, आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहणे, शिकवतात. शिबिराहून परतलेला व्यवस्थापक बैठकीआधी सगळ्यांना श्वास पाहायला लावतो. आलेल्या कल्पनांतून निवड करताना ते ठीक. कल्पना हव्या असतील तेव्हा पद्धत बदलावी.

समजा, चाकणच्या कारखान्यात एकच सुटा भाग वारंवार रिजेक्ट होतो आहे. आधी ५ मिनिटे आवाज, हालचाल, विचार येतील तसे नोंदवत बसावे. मग प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहून प्रत्येकाने १० मिनिटे न बोलता कागदावर कारणे लिहावीत. वाचन सर्वांत कनिष्ठापासून सुरू करावे, प्रमुखाने शेवटी बोलावे. त्याने एवढ्या वेळात जबडा आवळला जातो का, मान नकारार्थी हलते का, हे स्वतःशी टिपावे. हाच त्याचा सराव, आणि डोळे मिटून बसण्यापेक्षा तो अवघड आहे. चहानंतर २-३ मिनिटे श्वासावर लक्ष, मग निवड.

हिंजवडीत रात्री उशिरापर्यंत अमेरिकेशी कॉल झालेल्या चमूला दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटायला सांगितले, तर झोपच लागते. सकाळी, डोळे उघडे ठेवून करावे. सक्ती केली की लोक नुसते बसून राहतात. मुदत पाळता येणार नाही इतके काम लादून वर सजगतेचे सत्र ठेवले, तर त्यांना ती थट्टा वाटते. शांत बसल्यावर काहींची अस्वस्थता वाढते. त्यांना कारण न विचारता बाहेर जाऊ द्यावे.