पानगळ आणि वाळवंट एकाच फेरीत पाहायचं, तर तारखेआधी उंची बघा

आमच्या विदर्भात पानगळ थंडी ओसरताना लागते. संक्रांत सरली की साग पिवळा-तपकिरी पडतो आणि होळीपर्यंत रानातली वाट पाचोळ्याने भरून जाते. त्यामुळे अमेरिकेतल्या लेकाने किंवा लेकीने आईवडिलांना "ऑक्टोबरात या, पानगळ दाखवतो, वाळवंटही दाखवतो" म्हटलं, की गावाकडे या दोन्हींचा मेळ लागत नाही.

मेळ पाण्याचा आहे. पानातून पाणी सतत उडत असतं. मुळांना तेवढं मिळेनासं झालं की झाड पान टाकतं. आपल्याकडे जमीन सुकते म्हणून, तिकडे ती थंडीने गोठणार म्हणून. तिकडच्या झाडांना हिवाळ्याची चाहूल मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसावरून लागते. मग पानातलं हरितद्रव्य मोडतं, नत्राचा बराचसा भाग झाड परत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की तो दिसतो. लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, मात्र झाड त्या दिवसांत नव्याने बनवतं. लख्ख ऊन आणि गार, पण न गोठवणारी रात्र असली की तो खुलतो. आपल्या कुसुमाच्या झाडाची मार्चमधली लालभडक पालवी याच रंगद्रव्याची. तिथे ते कोवळ्या पानाला कडक उन्हापासून सांभाळतं, असं मानतात.

आता सहलीचं. त्यासाठी युटा राज्यासारखी जागा नाही. मोआब हे गाव सुमारे 1,200 मीटरवर, भोवती तांबडे खडक. हा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. यातले काही थर म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्याच, दगड झालेल्या. आणि गावाच्या पाठीशी ला साल डोंगर, 3,800 मीटरच्याही वर गेलेला. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणून रंग डोंगरावरून खाली उतरत येतो.

वरच्या उतारांवर अॅस्पेनची झाडं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिवळी होतात. त्यांचा देठ चपटा, त्यामुळे जरा झुळूक आली तरी पान पिंपळासारखं थरथरतं. नीट पाहिलं तर उतारावर एक पट्टा पूर्ण पिवळा आणि लगेच शेजारचा अजून हिरवा दिसतो. कारण एकेक पट्टा बहुधा एकाच मुळावरून फुटलेला असतो, म्हणजे शेकडो खोडं असूनही झाड एकच. युटातल्याच फिशलेक जंगलातलं 'पँडो' हे असंच झाड, शंभर एकरांहून जास्त पसरलेलं, सुमारे 47,000 खोडांचं. वेळ काढून पाहावं असं काही असेल तर हेच.

तिकीट उशिराचं मिळालं तरी फेरी वाया जात नाही. ऑक्टोबरच्या शेवटी वरची झाडं उघडी होतात, पण तिथल्याच कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानात फ्रिमाँट नदीच्या काठची कॉटनवूडची झाडं तेव्हाच पिवळी होतात, मागे तांबडे कडे घेऊन. डोंगरावरची पानगळ आणि वाळवंट दोन्ही साधायचं असेल तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरा, आधी डोंगर करा आणि मग खाली वाळवंटात उतरा. स्वेटर मात्र हाताशीच ठेवा. कोरड्या हवेत दिवसाचं ऊन साठून राहत नाही, सूर्य बुडाला की तासाभरात हुडहुडी भरते.