स्वयमचे मोफत कोर्स : नोंदणी, परीक्षा अर्ज आणि क्रेडिट

केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर (सुरुवात २०१७) शिकणं पूर्णपणे मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी आहे. कोर्सची नोंदणी आणि परीक्षेचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘जॉइन’ केलं म्हणजे झालं, असं समजून बसणाऱ्यांची परीक्षा हमखास हुकते.

कोण करू शकतं? कोणीही. मार्कांची अट नाही. ‘पूर्वज्ञान’ म्हणून पानावर जे लिहिलेलं असतं ती शिफारस समजा, पण ती वाचा. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे बरेच कोर्स एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीचे. बीए, बीकॉम, बीएस्सीचे सीईसी या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) केंद्राकडून, मॅनेजमेंटचे आयआयएम बंगळुरूकडून, तर नववी ते बारावीचे एनसीईआरटी आणि एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) यांच्याकडून येतात. सत्रं दोन, जानेवारी आणि जुलै.

नोंदणी. यासाठी कागद लागत नाहीत, स्वतःचा ईमेल पुरेसा. ‘स्वतःचा’ यावर जोर आहे. नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात तिथल्या तिथे नवा ईमेल काढून देतात आणि पासवर्ड त्यांच्याकडेच राहतो. एनपीटीईएलचा परीक्षा अर्ज ज्या ईमेलने कोर्स घेतला त्याच ईमेलने भरावा लागतो. दुसरा वापरला तर दर आठवड्याच्या असाइनमेंटचे मार्क जोडले जात नाहीत. प्रोफाइलमध्ये कॉलेज यादीतूनच निवडा. स्वतः टाइप केलेलं नाव कॉलेजच्या समन्वयकाच्या यादीत दिसत नाही.

परीक्षेचा अर्ज. कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी खुला होतो. तयार ठेवा : फोटो, सही, ओळखपत्र, आणि सवलत हवी असल्यास जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. एनपीटीईएलची फी कोर्समागे १००० रुपये. एससी, एसटी आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना निम्मी. अर्ज भरताना त्या सत्राच्या सूचनेतला आकडा एकदा पाहून घ्या.

आपल्याकडे खरी अडचण नावाची होते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी. अर्जात जे लिहाल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं आणि नंतर बदलत नाही. कॉलेजच्या नोंदीत ज्या क्रमाने आहे तसंच लिहा, आणि केंद्रावर न्यायचं मूळ ओळखपत्रही त्याच्याशी जुळतं का ते आधी तपासा.

परीक्षा संगणकावर, प्रत्यक्ष केंद्रात होते. शहरांची यादी प्रत्येक सत्रात बदलू शकते. हिंगोली किंवा धाराशिवच्या विद्यार्थ्याने जवळचं शहर यादीत नसेल असं धरूनच पर्याय भरावेत. सकाळची परीक्षा ९ वाजता असते, म्हणजे मुक्कामाचा विचार आधीच करा.

मार्कांचा हिशोब. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंट २५, परीक्षा ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे. परीक्षेत ६० आणि असाइनमेंटला ९ असतील तर बेरीज ६९ होऊनही प्रमाणपत्र नाही. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६, चारच्या कोर्समध्ये ३. व्हिडिओ किती पाहिले याला मार्क नाहीत. शेवटच्या रात्री लाइट किंवा रेंज गेली म्हणून मुदत वाढत नाही, तेव्हा आदल्या दिवशीच सबमिट करा. व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेतले की घरी डेटा लागत नाही. इतर संस्थांच्या कोर्सला बहुधा ३०-७० अशी विभागणी असते आणि त्यांची परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते. तो अर्ज वेगळ्या वेबसाइटवर असतो.

क्रेडिट हवं असेल, म्हणजे कोर्स पदवीच्या अभ्यासात धरला जावा असं वाटत असेल, तर तो घेण्याआधी विभागप्रमुखांची लेखी मान्यता घ्या. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारा हक्क नव्हे. छत्रपती संभाजीनगरचं मराठवाडा विद्यापीठ असो की नांदेडचं स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ), तुमच्या अभ्यासक्रमात तो विषय कशाच्या बदल्यात धरणार हे आधी ठरलेलं हवं. बारा आठवड्यांचा एनपीटीईएल कोर्स साधारण ३ क्रेडिटचा असतो. कॉलेजच्या पेपरला ४ असतील तर उरलेल्या एकाचं काय, हे त्याच अर्जात लिहून घ्या. निकालानंतर क्यूआर कोड असलेलं ई-प्रमाणपत्र मिळतं, ते परीक्षा विभागात देऊन पोच घ्या.