अँपची घरघर कोणत्या सुरात आहे?

गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवा आणि तार छेडा. हा 'जी', सुमारे ९८ हर्ट्झचा. आता ट्यूब अँपमधून (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अँप्लिफायरमधून) येणारी घरघर त्याच्याशी ताडून पाहा. सूर जुळला, तर संशय पॉवर सप्लायवर. आवाज एक सप्तक खालचा आणि मऊ घुमणारा असेल, तर तो ५० हर्ट्झचा, म्हणजे थेट मेन्समधून, भिंतीतल्या विजेतून, आत शिरलेला.

कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पॉवर सप्लायमधला, एसीची डीसी करणारा रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्धलहरी एकाच दिशेला वळवतो, म्हणून त्यातून मागे उरणारं स्पंदन १०० हर्ट्झचं होतं. अमेरिकी लेखांत ६० आणि १२० हे आकडे दिसतात, ते तिथल्या मेन्सचे. इथे ते लावले तर शोध चुकीच्या दिशेला जातो.

पेटी उघडण्याआधी बरंच कळतं. गिटारची केबल अँपमधून काढा. बहुतेक अँपमध्ये रिकामा इनपुट जॅक आपोआप ग्राउंडला जोडला जातो. आवाज थांबला, तर दोष केबलचा, गिटारचा किंवा खोलीचा: सिंगल कॉइल पिकअप डिमर आणि ट्रान्सफॉर्मरचा आवाज पकडतात, आणि गिटार हातात धरून जागच्या जागी फिरलं की तो कमी-जास्त होतो. आवाज तसाच राहिला, तर व्हॉल्यूम फिरवा. त्याबरोबर आवाज वाढला, तर उगम व्हॉल्यूमच्या आधी आहे. नाही वाढला, तर नंतर.

मग ट्यूब काढून पाहायच्या. अँप बंद करा, काच गार होऊ द्या, इनपुटजवळची पहिली १२एएक्स७ (प्रीअँपची, म्हणजे सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या भागाची छोटी ट्यूब) काढा, पुन्हा सुरू करा. स्पीकर मात्र कायम जोडलेला हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आवाज गेला, तर तीच ट्यूब किंवा तिच्याआधीचा भाग दोषी. नाही गेला, तर पुढची काढा, असं पॉवर ट्यूबच्या अलीकडच्या फेज इन्व्हर्टरपर्यंत (सिग्नल दोन उलट भागांत वाटणारी ट्यूब). तोही काढल्यावर घरघर चालूच असेल, तर प्रीअँपला दोष देण्यात अर्थ नाही.

आता १०० हर्ट्झकडे. पुशपुल अँपमध्ये, म्हणजे जिथे पॉवर ट्यूब जोडीने आळीपाळीने काम करतात तिथे, दोन्ही बाजूंच्या पॉवर ट्यूबमधून सारखा प्रवाह वाहिला की सप्लायचं स्पंदन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडून काढतं. जोडीतली एक ट्यूब थकली की हा तोल जातो आणि स्पंदन गाळणारे फिल्टर कपॅसिटर ठणठणीत असूनही घरघर ऐकू येते. म्हणून आधी जुळवलेली नवी जोडी लावून पाहा, आणि फिक्स्ड बायस (ट्यूबचा प्रवाह ठरवणारं वेगळं व्होल्टेज) असेल तर बायस नव्याने लावा. फरक पडला नाही, तर संशय फिल्टरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर. वर्षानुवर्षं तापून त्यातलं रसायन सुकतं, धारकता घटते आणि स्पंदन गाळलं जात नाही. फुगलेलं डोकं किंवा तळाशी पाझर दिसला, तर वाट पाहू नका. व्होल्टेज रेटिंग मूळपेक्षा कमी नको. धारकता मनाला येईल तशी वाढवू नका: जीझेड३४ रेक्टिफायर ट्यूब असेल, तर तिच्या लगतचा पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या पुढे जाता कामा नये.

हे काम जपून करायचं. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट किंवा जास्त उरलेले असू शकतात, आणि ते जीव घेतात. एक हात खिशात ठेवा. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर क्लिप लावलेल्या इन्सुलेटेड वायरने दहा सेकंद कपॅसिटर आणि चेसिस (अँपचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये धरा, मल्टिमीटरने मोजा, पाचेक मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण व्होल्टेज थोडं परत चढतं. याची सवय नसेल, तर अँप जाणकाराकडे द्यावा.

५० हर्ट्झचा आवाज बहुधा हीटरचा, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या भागाचा असतो. त्याला वीज देणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारा एकमेकींना पीळ देऊन चेसिसच्या कोपऱ्यातून नेलेल्या हव्यात. सुट्या पडून ट्यूबकडे सिग्नल नेणाऱ्या ग्रिडच्या तारेजवळ आल्या की घुमतात. अनेक अँपमध्ये हीटरच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १०० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. पॉवर ट्यूब शॉर्ट झाली की त्यातला एखादा जळतो, आणि ट्यूब बदलूनही घुमणं तसंच राहतं. दोन्ही मोजून घ्या. बायस सप्लाय अनेकदा अर्धलहरीचा असतो, तेव्हा त्याचा कपॅसिटर सुकला तरी सूर ५० चाच येतो. आवाज जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे भेटतात. असं कधीही करू नका. चेसिसवर मेन्स आली, तर ती गिटारच्या तारांतून थेट वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत येते.

कडकड आणि खरखर यांचा सुराशी संबंध नाही. पेन्सिलच्या रबराकडच्या टोकाने चालू अँपच्या ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. टणत्कार स्पीकरमधून घंटेसारखा घुमत राहिला, तर ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे. थोडा ठोका मात्र चांगल्या ट्यूबवरही ऐकू येतो. ट्यूब बदलूनही कडकड राहिली, तर ट्यूबच्या प्लेटला जोडलेला १०० किलोओहमचा जुना कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर पाहा. त्यातले कार्बनकण विजेचा प्रवाह सतत आणि सारखा वाहू देत नाहीत. तिथे १ वॉटचा मेटल फिल्म लावा, पार्श्वभूमीची सूंसूंही थोडी उतरते. नॉब फिरवतानाच खरखरत असेल, तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर. तरी थांबली नाही, तर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतो आहे का, हे नॉबच्या टोकावर डीसी व्होल्टेज मोजून कळतं. तिथे ते जवळजवळ शून्य असायला हवं.