लंग कॅन्सर झाला म्हटलं की पहिला प्रश्न, "सिगरेट ओढायचे का?"

कुणाला लंग कॅन्सर झालाय असं कळलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून हा प्रश्न निघतोच. फार वेळ लागत नाही. "नाही हो, आयुष्यात कधी हात लावला नाही" असं उत्तर आलं तर "अरेरे, काय एकेकाचं नशीब!", आणि "हो, ओढायचे" असं आलं तर एक लांबलचक "हंऽऽऽ". त्या हंऽऽऽ मध्ये केस क्लोज झालेली असते, केलं ते भोगलं.

पण हार्ट अटॅक आलेल्या माणसाला आपण हे विचारतो का? त्याला टेन्शन होतं का, धावपळ फार व्हायची का, असं विचारतो. धूम्रपान हे हृदयविकाराच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे हे तसं सगळ्यांनाच माहीत असतं, तरी त्याच्या वाट्याला फळं आणि "काळजी घ्या" येतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचं तर विचारूच नका. त्याच्या जवळपास निम्म्या केसेसमागे तंबाखूचा धूर असतो, पण तो झालेल्या माणसाला पाकिटांचा हिशोब मागितलेला मी तरी ऐकला नाही. म्हणजे सिगरेट तीच, ओढणारा तोच, वर्षं तितकीच, फक्त आजार फुप्फुसात निघाला की माणूस गुन्हेगार आणि दुसरीकडे निघाला की पेशंट. आपण दोष सवयीला देतोय असं आपल्याला वाटत असतं पण प्रत्यक्षात तो अवयव बघून दिला जातो, आणि हे असं का होतं यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय.

बर्नार्ड वायनर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कुणावर संकट आलं की आपलं डोकं आधी कारण शोधतं, आणि ते कारण त्या माणसाच्या हातातलं होतं का हे बघतं. हातातलं नव्हतं असं वाटलं तर कीव येते आणि मदत करावीशी वाटते, हातातलं होतं असं वाटलं तर राग येतो आणि मदतीचा हात मागे जातो. १९८८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे आजार आणि अवस्था घेऊन हे तपासलं. अल्झायमर, अंधत्व यांच्याबद्दल लोकांना कणव वाटली, ड्रग्जचं व्यसन आणि एड्स यांच्याबद्दल चीड. आणि तो आजार कसा झाला याची माहिती बदलून दिली की भावनाही बदलायच्या. फुप्फुसाच्या कॅन्सरला ही कारणाची गोष्ट इतकी घट्ट चिकटलीय की ती वेगळी सांगावीच लागत नाही.

दुसरा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स, १९६६. कॉलेजच्या मुलींना एक दृश्य दाखवलं, त्यात त्यांच्यासारखीच एक मुलगी काहीतरी पाठ करतेय आणि चुकलं की तिला विजेचा झटका बसतोय. झटके खोटे होते, मुलगी नाटक करत होती, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. काही जणींना मत देऊन तिचे झटके थांबवायची आणि उलट बक्षीस द्यायची संधी मिळाली, त्यांनी नंतर तिच्याबद्दल बऱ्यापैकी चांगलं मत दिलं. ज्यांना वाटत होतं की आता हिचे हाल असेच चालू राहणार आणि आपण काहीच करू शकत नाही, त्यांनी तिलाच कमी लेखलं. आणि कहर म्हणजे ती दुसऱ्यांसाठी हे सहन करतेय असं सांगितलं तेव्हा तिच्याबद्दलचं मत सगळ्यात वाईट झालं! जगात ज्याला जे मिळतं ते त्याच्या लायकीनं मिळतं, हा विश्वास आपल्याला इतका हवा असतो की तो टिकवायला आपण भोगणाऱ्याची लायकीच खाली आणतो. "ओढायचे का?" या प्रश्नात मला हेच दिसतं. विचारणाऱ्याला खरं तर एवढंच हवं असतं की हे माझ्या घरी येणार नाही असं कुणीतरी सांगावं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण पाकिटावर इशारा छापलेला असतो, तरी ओढली ना त्यानं? बरोबर आहे, ओढली. त्याच्या निवडीचा वाटा शून्य आहे असं म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही, पण ती निवड कधी केली ते बघा. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार रोज सिगरेट ओढणाऱ्या दहा प्रौढांपैकी जवळपास नऊ जणांनी पहिली सिगरेट अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते. ज्या वयात कर्जाच्या कागदावर त्याची सही चालत नाही त्या वयात ही सही होते, आणि पुढे निर्णय कोण घेतं? निकोटिन ओढल्यापासून साधारण दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथल्या ठराविक रिसेप्टर्सना (पेशींवरच्या, रसायनं पकडणाऱ्या जागांना) चिकटतं, डोपामाइन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं, मेंदू हळूहळू ते रिसेप्टर्स वाढवून ठेवतो. २००६ मध्ये मेंदूचा पेट (PET) स्कॅन करून बघितलं तेव्हा दिसलं की एक-दोन झुरक्यांतच यातले निम्मे रिसेप्टर्स भरतात आणि पूर्ण एक सिगरेट झाली की जवळपास सगळे. रात्रभरात ते रिकामे होतात, म्हणून सकाळी उठल्या उठल्या हात पाकिटाकडे जातो. व्यसन किती पक्कं आहे हे मोजायला डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यात हा एक फार कामाचा प्रश्न आहे, उठल्यावर पहिली सिगरेट किती मिनिटांनी? पाच मिनिटांच्या आत असेल तर प्रकरण अवघड. कुठल्याही मदतीशिवाय नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला जाणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. त्यात जीन्सचाही हात आहे, २००८ मध्ये पंधराव्या क्रोमोसोमवरचा एक भाग सापडला ज्याचा निकोटिनच्या ओढीशीही संबंध आहे आणि लंग कॅन्सरशीही.

आणि नशीब. सिगरेटच्या धुरानं पेशींच्या डीएनएमध्ये बदल होतात हे तर आता मोजूनच झालंय, रोज एक पाकीट वर्षभर ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० म्युटेशन्स (२०१६ चा अभ्यास). पण ती कुठे पडतील हे कुणाच्या हातात नसतं. बहुतेक अशा जागी पडतात जिथे काही बिघडत नाही, एखादं नेमकं नको तिथे पडतं. ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून रिचर्ड पीटो, सेरा डार्बी वगैरेंनी २००० मध्ये हिशोब मांडला होता. शेवटपर्यंत ओढत राहणाऱ्या पुरुषांपैकी वयाच्या ७५ पर्यंत साधारण १६ टक्के लंग कॅन्सरनं जातात. हा आकडा प्रचंडच आहे, न ओढणाऱ्यांच्या कित्येक पट. पण उरलेल्या ८४ जणांनीही तेवढ्याच सिगरेटी ओढल्या होत्या की. त्यातले बरेच तंबाखूमुळेच पण हृदयानं किंवा दम्यासारख्या आजारांनी जातात, तर काही नव्वदीपर्यंत खोकत खोकत मजेत जगतात आणि आपण त्यांच्या गोष्टी कौतुकानं सांगतो.

दोष माणसावर ढकलण्यात कंपन्यांचाही मोठा फायदा होता, हे विसरून चालणार नाही. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल, अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी सिगरेट आणि लंग कॅन्सरचा संबंध दाखवला. (रिचर्ड डॉल स्वतः ओढायचे, सुरुवातीला त्यांचा संशय रस्त्याच्या डांबरावर आणि गाड्यांच्या धुरावर होता, स्वतःचेच आकडे बघून त्यांनी सिगरेट सोडली.) १९५४ मध्ये कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सांगितलं की आमचा माल आरोग्याला घातक आहे असं आम्हाला वाटत नाही. १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत कागदात तर सरळ लिहिलंय की संशय हेच आमचं प्रॉडक्ट आहे. आणि कोर्टात गेल्यावर? तिथे एकीकडे म्हणायचं की सिगरेटनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि त्याच दमात दुसरीकडे म्हणायचं की धोका तर सगळ्यांना माहीत होता, तरी त्यांनी ओढली, ही त्यांची निवड!

आणि ज्यूरीला हे पटायचं. न्यू जर्सीतला १९८८ चा निकाल बघा. बाईनं सोळाव्या वर्षी ओढायला सुरुवात केली, मध्ये फिल्टरवाली जास्त सेफ असेल म्हणून ब्रँड बदलला, पुढे फुप्फुसाचा भाग काढावा लागला तरी लपूनछपून ओढत राहिली आणि ५८ व्या वर्षी गेली. ज्यूरीनं जबाबदारी वाटली तेव्हा ८० टक्के तिच्या नावावर टाकली. मला त्या लपूनछपूनमध्ये व्यसन दिसतं, ज्यूरीला बहुधा हट्ट दिसला असावा.

या सगळ्याची किंमत पेशंट मोजतात. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या ४५ लंग कॅन्सर पेशंट्सच्या मुलाखतींवर एक अभ्यास छापून आला. ओढणारे असोत, पूर्वीच सोडून दिलेले असोत किंवा कधीही न ओढलेले, सगळ्यांना वाटत होतं की लोक आपल्याला दोषी समजतात. काहींनी आजारच लपवला. काहींना भीती होती की आपल्यावर उपचारच नीट होणार नाहीत. न ओढणाऱ्यांचं वेगळंच दुखणं, त्यांना सारखं "मी नाही हो ओढायचो" असं सांगत सुटावं लागतं, आणि असे लोक थोडे नाहीत, अमेरिकेत लंग कॅन्सरच्या पेशंट्सपैकी १० ते २० टक्के. जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, अ‍ॅस्बेस्टॉस, हवेचं प्रदूषण, कारणं कितीतरी.

आता एक अवघड गोष्ट आहे. सिगरेट ओढणं कमीपणाचं वाटायला लागलं की ओढणारे कमी होतात, असं सार्वजनिक आरोग्यातले बरेच लोक मानतात, आणि त्यात तथ्य आहे. भीतीदायक चित्रं, बंदी, कर, यांनी लाखो जीव वाचलेत. मग लाज थोडी वापरली तर काय बिघडलं? माझं मत असं की सवय अवघड करा, महाग करा, पण लाज मात्र एकदा हत्यार म्हणून वापरली की ती पाकिटापाशी थांबत नाही, घरात शिरते, दवाखान्यात शिरते. कमी डोसच्या सीटी स्कॅननं तपासणी केली तर लंग कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात हे २०११ च्या मोठ्या अमेरिकन ट्रायलमध्ये दिसलं, ही तपासणी आहेच मुळी भरपूर ओढलेल्यांसाठी, आणि तिला यायचं तर आधी "मी इतकी वर्षं इतकी ओढली" हे कुणाच्या तरी तोंडावर कबूल करावं लागतं. तपासणीला पात्र असूनही न येणारे खूप आहेत, आणि त्यामागच्या कारणांत ही लाजही एक आहे.

सगळ्यात जास्त नुकसान तर निदान झाल्यावर होतं. "आता काय उपयोग सोडून" असं पेशंटलाही वाटतं आणि घरच्यांनाही. पण २०२१ मध्ये रशियातल्या ५१७ पेशंट्सवरचा अभ्यास आला, सुरुवातीच्या टप्प्यातला लंग कॅन्सर झालेले आणि तेव्हा ओढत असलेले लोक. निदानानंतर ज्यांनी सोडली ते न सोडणाऱ्यांपेक्षा मध्यांक (मीडियन, म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या पेशंटचा आकडा) बघितला तर जवळपास २२ महिने जास्त जगले. सोडायला औषधं आहेत, समुपदेशन आहे, दोन्ही मिळून चांगलं काम करतात, पण ते सुरू व्हायला डॉक्टरला कळायला हवं की हा अजून ओढतोय, आणि ज्याला प्रत्येक वेळी तो हंऽऽऽ ऐकावा लागलाय तो डॉक्टरलाही "सोडली केव्हाच" असंच सांगून मोकळा होतो.