बेसवादकाच्या हाती दोन वाद्ये कशी आली

कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदातील बेसवादकाला आज अनेकदा दोन वाद्ये सांभाळावी लागतात: उभ्याने वाजवायचा, भल्यामोठ्या व्हायोलिनसारखा दिसणारा डबल बेस आणि गळ्यात अडकवायची बेस गिटार. जुने वाद्य मागे पडले आणि नव्याने त्याची जागा घेतली, अशी या जोडीची हकिकत सहसा सांगितली जाते. ती अपुरी आहे, कारण बेस गिटार जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून बेसवादक दोन वाद्ये बाळगून होता.

१९२० च्या दशकातील अमेरिकन नृत्यवृंदांत खालच्या स्वरांचे काम ट्यूबा (फुंकून वाजवायचे मोठे पितळी वाद्य) आणि डबल बेस या दोघांत वाटलेले होते आणि ही दोन्ही वाद्ये पुष्कळदा एकच वादक वाजवी. वॉल्टर पेज आणि पॉप्स फॉस्टर हे दोघेही बेसवादक ट्यूबा जाणत होते. प्रश्न ऐकू येण्याचा होता. डबल बेसला त्या काळी आतड्याच्या ताती असत. त्यांचा नाद भरदार असला तरी ट्रंपेट आणि ड्रमच्या गजरात तो सहज बुडून जाई, आणि कर्ण्यात वाजवून ध्वनिमुद्रण करण्याच्या पद्धतीत तर तो नीट उमटतही नसे. १९२५ मध्ये मायक्रोफोनवरचे विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा ही दुसरी अडचण बरीच कमी झाली. पहिल्या अडचणीवर न्यू ऑर्लिन्सच्या वादकांनी आधीच तोड काढली होती. तार बोटाने ओढून सोडायची, म्हणजे ती वाद्याच्या मानेवरील पट्टीवर आपटून स्वराबरोबर खणखणीत टकटक उमटे आणि नाचणाऱ्यांना ठेका सापडे.

पुढे पेजने काउंट बेसीच्या वृंदात चारही मात्रांवर स्वर ठेवत चालणारी बेसची ओळ पक्की केली. १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनकडे आलेल्या जिमी ब्लँटनने हे वाद्य एकल वादनालाही समर्थ आहे हे दाखवून दिले. १९४२ मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी तो गेला, तरी त्याच्यानंतर कोणी डबल बेसला केवळ ठेक्याचे वाद्य म्हणू शकले नाही.

एवढे होऊनही नेआणीचा आणि आवाजाचा प्रश्न सुटला नव्हता. माणसाहून उंच, पातळ लाकडाचे, सरसाने सांधलेले आणि हवेतील ओलाव्याने उकलणारे हे वाद्य घेऊन रोज नवे गाव गाठायचे आणि रात्री ज्याच्यापुढे अँप्लिफायर आहे अशा गिटारवाल्याशेजारी उभे राहायचे, हे खरोखर कष्टाचे काम होते. सिएटलमध्ये पॉल टटमार्क याने १९३६ च्या सुमारास पडदे असलेला, भरीव लाकडाचा विजेवरचा बेस बनवला होता, पण तो फारसा पसरला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर याने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला बेसमन हा अँप्लिफायर आणला. भरीव खोड घुमत नसल्यामुळे आवाज वाढवता येत होता, पडद्यांमुळे स्वर जागेवर पडत होता आणि वाद्य गाडीच्या मागच्या सीटवर मावत होते.

फेंडरचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय मात्र मला तारांच्या जुळणीचा वाटतो. ई, ए, डी, जी या चार तारा त्याने डबल बेसच्याच स्वरांत ठेवल्या, त्यामुळे बेसवादकाला आपले सारे ज्ञान तसेच पुढे नेता आले. हाताचे तसे नाही. बेस गिटारच्या ३४ इंची तारेवर पहिला अर्धस्वर घोडीकडे सुमारे ४.८ सेंमी सरकल्यावर मिळतो. डबल बेसच्या जवळजवळ साडेएकेचाळीस इंची तारेवर त्यासाठी सहा सेंमीच्या आसपास जावे लागते. म्हणूनच फ्रांझ झिमांडलच्या डबल बेस शिकवण्याच्या एकोणिसाव्या शतकातील पद्धतीत खालच्या भागात तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढीच स्वतंत्रपणे वापरतात व अनामिका करंगळीला नुसता आधार देते. बेस गिटारवर चारही बोटे एकेका पडद्यावर बसू शकतात. उजव्या हाताचेही तसेच: डबल बेसवर बोटाच्या कडेचे मांस तारेत रुतवून पूर्ण हाताच्या वजनाने ओढायचे, तर बेस गिटारवर टोकाचा हलका स्पर्श पुरतो.

पहिल्या पिढीतले अनेक जण डबल बेसवरूनच इकडे आले. लायोनेल हॅम्प्टनच्या वृंदात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आधी रॉय जॉन्सन आणि मग मंक माँटगोमेरी यांनी हे नवे वाद्य व्यासपीठावर नेले. एल्विस प्रेस्लीच्या १९५४ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकांत ड्रमर नव्हता; ती उणीव बिल ब्लॅकने डबल बेसवर आपटलेल्या तारांनी भरून काढली आणि १९५७ मध्ये त्यानेही बेस गिटार हाती घेतली. डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन शाळेत डबल बेस शिकला होता. मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी तो प्रिसिजन वाजवू लागला तेव्हाही उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवण्याची डबल बेसची सवय त्याने सोडली नाही, आणि त्या ओळींतील भरीव नादाचे बरेचसे श्रेय त्या सवयीलाच द्यायला हवे. उलट लॉस एंजेलिसच्या कॅरल के मूळच्या गिटारवादक. त्या पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवत आणि त्यांचा नाद वेगळा, टोकदार येई. नॅशव्हिलमध्ये तर दोन्ही घराण्यांना एकाच गाण्यात जागा मिळाली: डबल बेसची ओळ सहा तारांच्या बेस गिटारवर तारांना तळहात टेकवून नाद दाबत जोडीने वाजवली जाई, म्हणजे एकाकडून खोली आणि दुसऱ्याकडून स्वराची टोकदार सुरुवात मिळे.

पुढे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. बेस गिटारवादक जाको पास्टोरियसने फेंडरच्या जॅझ बेस या बेस गिटारचे पडदे काढून खाचा भरल्या, पट्टीवर इपॉक्सीचा थर दिला आणि १९७६ च्या आपल्या पहिल्या अल्बमवर डबल बेससारखा गाणारा, लांबणारा स्वर बेस गिटारमधून काढला. त्याच सुमारास डबल बेसही बदलत होता. तातींऐवजी पोलादी तारा रूढ झाल्या, त्या पट्टीच्या जवळ आणता आल्या, घोडीला तिचे कंपन विजेत बदलणारा पिएझो पिकअप लागला. मोठ्या आवाजात मात्र पोकळ खोड स्पीकरच्या नादाने स्वतःच घुमू लागते, आणि फीडबॅकची ही डोकेदुखी आजही संपलेली नाही.

स्टॅन्ली क्लार्क आणि ख्रिश्चन मॅकब्राइड यांच्यासारखे वादक दोन्ही वाद्यांवर सारखेच समर्थपणे वावरतात. संगीत नाटकांच्या वाद्यवृंदात तर बेसच्या एकाच वहीत दोन्ही वाद्यांच्या ओळी लिहिलेल्या असतात आणि वादकाला काही मात्रांच्या विश्रांतीत वाद्य बदलावे लागते. तिथे पिकअपच्या पातळ्या आधीच दोन वेगळ्या चॅनलवर जुळवून ठेवलेल्या असाव्या लागतात. पडद्यांवर तासभर विसावलेल्या डाव्या हाताला मात्र पडदे नसलेल्या पट्टीवर पहिलाच स्वर केवळ कानाच्या भरवशावर लावावा लागतो.