युद्धात अवयव गमावलेल्या जवानासाठी: कृत्रिम पाय, पुनर्वसन आणि त्यासाठी लागणारे कागद

जवानाचा पाय गेला की घरचे लोक आधी जयपूर फूटचं शिबिर कुठे आहे ते शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट बघा: जखमेची नोंद कशी झाली आहे? कृत्रिम पाय अनेक ठिकाणी मिळू शकतो. नोंदच नसेल तर पुढे पेन्शनपासून सवलतींपर्यंत सगळं अडतं.

घटनेनंतर युनिट इंज्युरी रिपोर्ट भरतं, त्याचा फॉर्म आयएएफवाय-2006. लढाईत किंवा ताबारेषेवरच्या सुरुंगाने जखमी झालेल्याची बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला जखमी) म्हणून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीतला अधिकृत आदेश, निघते. या दोन्हींच्या प्रती आणि नंतर मेडिकल बोर्डाचे, म्हणजे अपंगत्व ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचे, कागद घरी असायलाच हवेत. नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज करून मागवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला. मूळ कागद कुठल्याही खिडकीवर देऊ नका, साक्षांकित प्रत द्या.

आता प्रत्यक्ष अवयवाचं. पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी 1944 साली सुरू झालेलं. सेवेतल्या जवानाला इथे वेगळा अर्ज करावा लागत नाही, लष्करी रुग्णालयच त्याला पाठवतं. निवृत्त झालेल्याने ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड घेऊन आधी या योजनेच्या आपल्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, घ्यायची. सोबत डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका), पीपीओ (पेन्शनचा आदेश), बोर्डाच्या कागदांची प्रत, आधार, फोटो आणि (हे बरेच जण विसरतात) सध्या वापरात असलेला जुना पाय. तो कुठे झिजला आहे आणि कुठे घासतो, हे बघून तंत्रज्ञाला पुष्कळ काही कळतं. सामान्य नागरिकांनाही या केंद्रात शुल्क भरून अवयव मिळतो.

एका दिवसात काम होईल या हिशेबाने जाऊ नका. जखम भरलेली आणि उरलेल्या पायाची, म्हणजे स्टंपची, सूज उतरलेली असावी लागते. त्यासाठी आधीपासून क्रेप बँडेज बांधत राहायचं. माप घेताना स्टंपवर पातळ मोजा चढवतात आणि हाडाचे उंचवटे शाईच्या पेन्सिलीने खुणावतात. वरून प्लॅस्टरची ओली पट्टी गुंडाळली की त्या खुणा साच्याच्या आतल्या बाजूला उमटतात. सॉकेटमध्ये, म्हणजे स्टंप ज्यात बसतो त्या खोबणीत, कुठे भार घ्यायचा आणि कुठे जागा सोडायची, ते या खुणांवरून ठरतं. मग ट्रायल सॉकेट, त्यानंतर समांतर दांड्यांमध्ये चालण्याचा सराव. गुडघ्याखाली पाय गेलेला जवान लवकर चालायला लागतो. गुडघ्याच्या वर गेला असेल तर सरावाला बराच जास्त वेळ लागतो. पहिल्या वर्षभरात स्टंप आणखी बारीक होतो, सॉकेट सैल पडतं आणि पुन्हा माप द्यावं लागतं. त्यात चूक कोणाचीच नसते, पण याची आधी कल्पना नसल्याने अनेक जण पाय कोपऱ्यात ठेवून कुबड्यांवर परत जातात.

लष्करी व्यवस्थेच्या बाहेरचा मार्ग म्हणजे जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती, 1975 पासूनची. इथे पाय मोफत मिळतो आणि उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडीप योजनाही आहे, पण तिला 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय महिन्याचं सगळ्या मार्गांचं मिळून उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तरच साधन पूर्ण मोफत. 30,000 पर्यंत निम्मी किंमत भरायची. पेन्शनही उत्पन्नात धरतात. त्यामुळे पेन्शनर फौजीने एडीपमागे फार धावू नये असं माझं मत. सीमेवरच्या गावातल्या सुरुंगाने जखमी झालेल्या गुराख्याला किंवा शेतकऱ्याला मात्र तीच योजना उपयोगी पडते.

टक्केवारीवरून कायम घोळ होतो. मेडिकल बोर्डाने दिलेली टक्केवारी पेन्शनसाठी असते. नागरी सवलतींसाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, लागतं. त्याचा अर्ज स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. लष्कराचा कागद दाखवून हे कार्ड मिळत नाही. नागरी तक्त्यात पावलाचा फक्त पुढचा भाग गेल्यास 30 टक्केच धरतात, म्हणजे 40 ची अट पूर्ण होत नाही. अशा जवानाने ऐकू येणं किंवा दृष्टीही स्फोटात गेली असल्यास तीही त्याच वेळी तपासून घ्यावी.

चालणं जमलं की पोटापाण्याचा प्रश्न येतो. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या अपंग शिपायांसाठी 1917 मध्ये लेडी विलिंग्डन यांनी ती मुंबईत भायखळ्याला सुरू केली होती. दिव्यांग सैनिकांना तांत्रिक प्रशिक्षण देणारी ही धर्मादाय संस्था आहे. सेवेत असलेल्याने युनिटमार्फत विचारणा करावी, निवृत्ताने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. मणक्याला इजा होऊन कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या जवानांसाठी खडकीतच 1974 पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. घरी नेऊन सांभाळण्याचा निर्णय घेण्याआधी एकदा तिथे जाऊन या. सतत पडून राहिल्याने होणाऱ्या पाठीच्या जखमा टाळायच्या कशा आणि व्हीलचेअरवरून पलंगावर यायचं कसं, हे तिथे राहणाऱ्यांकडून जितकं नीट समजतं तितकं डिस्चार्ज समरीतून समजत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलेलं नसेल तर सुरुवात तिथूनच करा.